बोहारणीकडून आणलेली नात

सिडकोतल्या पवननगरच्या भाजीबाजारात कुसाबाईच्या तोंडी लागायची हिंमत फारसं कुणी करत नाही. तिच्यापुढे मेथी, कोथिंबीर, शेपू, करडई असा पालेभाज्यांचा पसारा असतो. जुडी हातात घेऊन कुणी "बारीक दिसतेय हो मावशी" म्हटलं, की कुसाबाई म्हणते, "मंग, धष्टपुष्ट पायजे का? मेथी हाय बाई, म्हैस नाय." गिऱ्हाईक आधी फणकारतं, मग हसतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच येतं. शेजारी टोमॅटो विकणाऱ्या बाया म्हणतात, कुसाबाईचं बोलणं खाल्ल्याशिवाय भाजीला चव येत नाही.

ही जीभ तिने बाजारात कमावलेली नव्हे, ती माहेरून आणलेली. दिंडोरीकडच्या तिच्या घरात मायेने बोलायचं म्हणजे उलटं बोलायचं, अशीच रीत होती. बाळ गुटगुटीत असलं की "कुठलं माकड उचलून आणलं", आणि नवी सून देखणी असली की "दिवा लावा रे, दिसत नाय". सरळ कौतुक केलं तर दृष्ट लागते, शिवाय माणूस शेफारतं. कुसाबाईला उभ्या जन्मात कुणी "गुणाची गं माझी" म्हटलेलं नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. नवरा सावळीराम अंबडच्या एका कंपनीत मशीनवर होता, आता निवृत्त आहे. तो बोलायला तिच्या बरोबर उलट. दिवसभरात त्याचे शब्द मोजायला एका हाताची बोटं पुरतात. पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणून तिच्यापुढे ठेवतो आणि गुपचूप चहाला जातो.

पूजा ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती विचारायची, "आई, मी कुठून आले?" कुसाबाई मेथी निवडता निवडता सांगायची, "बोहारणीकडनं घेतलीय तुला. दोन जुनी लुगडी न् तुझ्या बापाची पँट दिली, तवा कुठं मिळालीस." डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी बोहारीण, तिला जुने कपडे द्यायचे आणि बदल्यात भांडं घ्यायचं, त्या सौद्यात कधीमधी एखादं मूलही मिळतं, असं म्हणून पोरांना चिडवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. हे न ऐकता मोठं झालेलं मूल शोधून सापडायचं नाही. पूजा आईवर गेलेली. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "फसलीस तू. त्यापेक्षा कुकर घ्यायचास!"

ही पूजा चांदवडला दिली. जावई हर्षल पिकअप गाडीवर कांदा वाहायचा, स्वभावाने चांगला, फक्त घाईचा. एका पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि पूजा आठवडाभरात गेली. तिची मुलगी संजना तेव्हा चार वर्षांची होती. कुसाबाईचं जगच संपलं. बाजारातली तिची जागा कितीतरी दिवस रिकामी राहिली, आणि टोमॅटोवाल्या बायांनी तिथे दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

हर्षलचा धंदा रस्त्यावरचा, घरात वडीलधारं कुणी नाही. त्याने वर्ष सरायच्या आत दुसरं लग्न केलं. कुसाबाईने त्यावरून त्याला कधी शब्दाने दुखवलं नाही. पोरीला बघायला कुणीतरी हवंच, एवढं तिला कळत होतं. नवी बायको अंजली, वयाने लहान. तिला दिवस गेले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, तेव्हा हर्षल संजनाला घेऊन सिडकोत आला. "थोडे दिवस राहू द्या, मामी," म्हणाला. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. बाळ झालं, बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, आणि संजना आजीकडेच दुसरीत गेली.

पोरीला पाहून कुसाबाई पुन्हा उठून उभी राहिली, हे खरं. पण साठी उलटल्यावर मूल वाढवणं म्हणजे उतरलेला डोंगर पुन्हा चढणं. दोघेही एकमेकांना "तू ऊठ, तू ऊठ" म्हणत पहाटे उठायचे. एकीकडे भाजी यायची वेळ, एकीकडे शाळेच्या डब्याची. डब्यात काय द्यायचं याचा निरोप मोबाइलवर यायचा, अभ्यासही मोबाइलवरच यायचा. सावळीरामाला त्या मोबाइलमधलं फक्त हात जोडायचं चित्र पाठवता यायचं. "उद्या गणिताची चाचणी आहे" या निरोपाखालीही त्याने हात जोडले होते. आणि रोज अंथरुणावर पाठ टेकली की कुसाबाईच्या मनात तोच किडा वळवळायचा: ही पोर हाताशी येईपर्यंत आपण दोघं पुरू ना?

चूक झाली ती याच धांदलीत. संजना येऊन फार दिवस झाले नव्हते. कुसाबाई दारात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. पोर जवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "आजी, मी तुमच्याकडे कशी आले?"

पोरीला काय विचारायचं होतं, ते शहाण्या माणसाला कळलं असतं. बाबांनी मला इथे का सोडलं, एवढंच तिला विचारायचं होतं. पण कुसाबाईच्या ओठांवर या प्रश्नाचं उत्तर गेली तीस वर्षं तयारच होतं.

"बोहारणीकडनं घेतलीय तुला. तीन साड्या गेल्या माझ्या!"

संजना हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "परतपण देतात का?"

"वांडपणा केला तर देतात की! तुझ्या बदल्यात चमचाबी नाय यायचा म्हना." कुसाबाई खदखदून हसली, जुडीला गाठ मारली आणि हे सगळं विसरून गेली.

पूजाला हे हसण्यावारी नेता आलं होतं, कारण तिची आई तिच्यासमोर धडधाकट बसलेली होती. संजना एका घरातून पिशवीसकट आणून पोचवलेली पोर. माणसं परत देतात, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून संजना इतकी शहाणी झाली, की गल्लीतल्या बाया आपापल्या पोरांना तिचं उदाहरण द्यायला लागल्या. ताटात पडेल ते खायची. कारलं वाढलं तरी तोंड वाकडं करायची नाही. दुसऱ्यांदा काही मागायची नाही. उठल्यावर अंथरुणाची घडी, जेवल्यावर ताट मोरीत, शाळेतून आल्यावर बूट जागेवर. शेजारच्या पोरीने तिची बाहुली नेली ती नेलीच, संजनाने मागितली नाही. कुसाबाई बाजारात सांगायची, "आमची पूजा म्हंजे वावटळ व्हती. ही पोर बघा, कुठं ठिवली तर तिथंच ऱ्हाती." तोंडावर कौतुक करायचं नाही म्हणून पोरीसमोर ती असं कधी बोलली नाही. पोरीच्या कानावर फक्त "ए भवाने, हल तिकडं" एवढंच यायचं.

पालकसभेला कुसाबाई नऊवारी नेसून, दोन जुड्या शेपू घेऊन गेली. वर्गशिक्षिका नाझिया मॅडमनी शेपू घेतला आणि त्या म्हणाल्या, "आजी, संजना हुशार आहे. पण ती कधीच काही मागत नाही. पेन्सिल हरवली तर बोटाने बाकावर लिहीत बसते, पण सांगत नाही. मला तिची जरा काळजी वाटते."

"पोरं गोंधळ घालत्यात तवा तुम्ही तक्रार करता, आता गप बसली तर त्याचीबी तक्रार?" कुसाबाई म्हणाली. घरी येईपर्यंत ती मॅडमच्या नावाने पुटपुटत होती. मॅडमला शेपू दिल्याचा तिला पश्चात्तापही झाला, शेपू ताजा होता.

मग एका रविवारी दुपारी गल्लीत जमनाबेनची हाक आली, "भांडेऽऽवाली!" जमनाबेन ही जुनी बोहारीण, पूजा लहान होती तेव्हापासून येणारी. आता तिची पाटी डोक्यावर नसते, मुलाच्या रिक्षातून कोपऱ्यापर्यंत येते. कुसाबाईने जुने कपडे बाहेर काढले आणि दोघींची घासाघीस सुरू झाली. कुसाबाईला कढई हवी होती. जमनाबेन कपडे उलटेपालटे करून बघत होती.

"कढईला हे नाय पुरत, मावशी. एक साडी अजून काढा. जरीची."

"जरीची साडी? माझ्या लग्नातलीबी जरीची नव्हती!"

"मग टोप घ्या. कढई नाय परवडत."

दारात संजना उभी होती. कुसाबाईने तिच्याकडे बोट दाखवलं. "साडी नाय बाई माझ्याकडं. ही पोरगी घेऊन जा न् कढई दे!" जमनाबेन हसली. समोरच्या गॅलरीतली बाईही हसली. संजना आत निघून गेली.

घासाघीस चालू राहिली. एक पडदा वाढवायचा की नाही यावर दोघी अडल्या होत्या, तेवढ्यात संजना बाहेर आली. तिने शाळेत जातानाचे बूट घातले होते. केस ओले करून चापून बसवले होते. पाठीवर दप्तर होतं, आणि त्याची चेन लागत नव्हती म्हणून आतले घडी केलेले फ्रॉक बाहेर दिसत होते. ती येऊन जमनाबेनच्या पाटीजवळ उभी राहिली, कुसाबाईजवळ नाही.

"आजी," ती म्हणाली, "कढई मोठी घे. छोटीत आजोबांची भाजी करपते."

कुसाबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या हातातला पडदा खाली पडला. पोर रडत नव्हती. चेहरा असा, की बस यायची वाट बघतेय. मग कोथिंबिरीच्या जुड्या, "परतपण देतात का" आणि आपलं ते खदखदणारं हसणं, सगळं एकदम कुसाबाईच्या छातीवर येऊन पडलं. ही पोर इतके दिवस शहाणी नव्हती. ती घाबरलेली होती. आणि आपण गावभर त्याची शेखी मिरवत होतो.

बोलली ती जमनाबेन. तिने पाटीवर फडकं टाकलं आणि पोरीसमोर उकिडवी बसली.

"बेटा, मी पोरं घेत नाय. देत पण नाय. खोटं हाय ते समदं. माझी स्वतःची चार हायत, एवढी वांड, की कुणी घेतच नाय." मग वर कुसाबाईकडे बघून हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या पोरीला मी असं बोलले असते ना, तिने ही पाटी उलथून टाकली असती. आणि मला चावली असती. ही तर कपडे भरून आली. हे बरोबर नाय."

कुसाबाईने पोरीला दप्तरासकट उचललं आणि आत नेलं. त्या दिवशी ना कढई घेतली गेली ना टोप.

संध्याकाळी तिने संजनाला सगळं खरं सांगितलं. "खोटं बोलले गं मी. तू माझ्या पूजाच्या पोटची. तुला कुणाकडनं घेतली नाय न् कुणाला द्यायची नाय. माझी जीभ झडो." संजनाने मान हलवली, फ्रॉक काढून कपाटात पुन्हा रचले आणि विचारलं, "आजी, भांडी पुसू का?"

तोंडातून शब्द क्षणात जातो, परत आणायला मात्र पायपीट करावी लागते. कुसाबाईने ती सुरू केली. सगळ्यात आधी तिने उलटं बोलणं बंद केलं. त्याचा परिणाम असा झाला की बाजारात तिच्या आजारपणाची अफवा उठली. जुडी बारीक आहे म्हणणाऱ्या बाईला ती "दुसरी घ्या ताई" म्हणाली, तेव्हा टोमॅटोवाली धावत आली आणि तिने कुसाबाईच्या कपाळाला हात लावून बघितला. घरी तिने संजनाला जवळ घेऊन, दात आवळून, "गुणाची गं माझी" असं म्हणून पाहिलं. संजनाने काळजीने विचारलं, "आजी, तुझं पोट दुखतंय का?"

ते जमणारं नव्हतं. मग ती पूजाचे पराक्रम सांगायला लागली. पूजाने शाळेतून पळून येऊन भाजीच्या गाड्याखाली कशी झोप काढली होती, नव्या फ्रॉकसाठी रस्त्यात लोळण कशी घेतली होती, बापाच्या चपला गच्चीवरून शेजारच्या अंगणात कशा फेकल्या होत्या. संजना आईच्या गोष्टी डोळे मोठे करून ऐकायची.

"मग तू तिला काय केलंस?" तिने एकदा विचारलं.

"काय करनार? बदडली. मग जेवायला घातलं. मग तिच्या शेजारी झोपले."

"बाहेर नाही काढलं?"

"आपल्या पोराला कुनी बाहेर काढतं का, येडे?"

सावळीरामानेही आपल्या परीने हातभार लावला. तो जेवताना मुद्दाम ताटात भाजी टाकायचा आणि म्हणायचा, "मला नको. मी रुसलोय." कुसाबाई त्याच्यावर ओरडायची, तो हट्टाने बसून राहायचा, आणि थोड्या वेळाने दोघंही गुमान जेवायची. अख्ख्या संसारात हा माणूस कधी रुसला नव्हता. म्हातारपणी त्याला ते बरं जमायला लागलं, इतकं की कधी कधी तो खरंच रुसलाय की काय अशी कुसाबाईला शंका यायची.

थंडी संपता संपता एक गोष्ट घडली. कुसाबाईने शेपूची भाजी वाढली, तर संजनाने घास हातात धरून ठेवला. मग अगदी हळू, ताटाकडे बघत म्हणाली, "मला शेपू आवडत नाही." आणि वर बघितलं. त्या बघण्यात सगळी भीती होती. कुसाबाईच्या मनात फटाके फुटत होते, पण तिने चेहरा सरळ ठेवला. "मलाबी नाय आवडत," ती म्हणाली, "पण विकायला लागतो ना. गूळ-भाकरी खाती का?" संजनाने गूळ-भाकरी खाल्ली. सावळीरामाच्या वाट्याला तिघांचा शेपू आला, आणि त्याने तो चाटूनपुसून संपवला.

पण एका शेपूने काय होतं? पोर पुन्हा तशीच शहाणी, तशीच गप्प. ताटात काय आवडत नाही ते सांगणं वेगळं आणि हे घर माझं आहे म्हणणं वेगळं. ते ती म्हणेल की नाही, हे कुसाबाईला कळत नव्हतं. आपण असेपर्यंत तरी म्हणावं, एवढीच तिची देवाजवळ मागणी होती.

उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. कुसाबाईची लेक येणार नव्हती. पण सवतीचं माहेर ते आपलं माहेर, हाही आपल्याकडचाच रिवाज. हर्षल पूजाच्या नावाची पाण्याची घागर सकाळी चांदवडला पुजून, अंजलीला आणि लहान्या सार्थकला घेऊन दुपारी सिडकोत आला. अंजली पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या गळ्यात पूजाच्या नावाचा सोन्याचा छोटा टाक होता. दुसरेपणाची बायको पहिलीची आठवण अशी गळ्यात बाळगते. कुसाबाईने तो टाक बघितला आणि तिला भरून आलं. तिने अंजलीला उठवून पोटाशी धरलं, साडी-चोळी दिली, आणि "ये गं बाई, तुझंच घर हाय" म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली. या पोरीचा काय दोष?

पंगत बसली. पुरणपोळी, कुरडई आणि वाटी वाटी आमरस. संजना नेहमीसारखी कुसाबाईला खेटून बसली होती. सार्थक घरभर दुडूदुडू हिंडला, आमरस दिसताच थेट येऊन कुसाबाईच्या मांडीत बसला आणि समोरच्या वाटीत त्याने हात घातला. वाटी संजनाची होती.

"ये रे माझ्या राजा," कुसाबाई म्हणाली. पाहुण्याचं लेकरू, तिच्या तोंडून सहज गेलं. त्याच वाटीतला रस ती त्याला बोटाने चाटवायला लागली. गोड बोलायची इतके दिवस सवय करून घेतली होती, ती नेमकी नको तिथे उपयोगी पडली.

संजनाचा हात थांबला. "ऊठ," ती सार्थकला म्हणाली. सार्थक हसला आणि आणखी आत सरकला. "ऊठ तिथून!" म्हणत संजनाने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. पोर कलंडलं, वाटी उलटली, रस अंजलीच्या नव्या साडीवर आणि सार्थकच्या रडण्याने अख्खी गल्ली जागी.

"संजना!" हर्षल ताटावरून अर्धा उठला. "लाज नाही वाटत? एवढ्याशा भावाला ढकलतेस? हेच शिकलीस का इथे? चल, भर कपडे. आजच चांदवडला नेतो तुला. या वयात मामींच्या डोक्याला ताप नको."

रागाच्या भरात बाप बोलतो तसं तो बोलला. पण कुसाबाईला बूट घालून, दप्तर भरून दारात आलेली पोर आठवली. कपडे भर. हेच दोन शब्द. आता ही उठणार, हात धुणार, केस चापून बसवणार. सावळीरामाने घास खाली ठेवला. कुसाबाईला बोलायचं होतं, पण तिने जीभ दातांखाली धरली. हे आपण बोलून चालणार नाही, हे तिला कसं कोण जाणे, पण कळलं.

संजना उठली. तोंड लालबुंद, कोपरापर्यंत आमरस. ती कपाटाकडे गेली नाही. तिने तसल्याच हाताने आजीच्या नव्या लुगड्याचा पदर मुठीत धरला आणि अशी किंचाळली की समोरच्या गॅलरीत माणसं आली.

"नाय येणार! ही माझी आजी हाय! ही माझी वाटी हाय! हे माझं घर हाय! तुम्हीच जावा!"

हर्षल उभाच राहिला. चांदवडचा बाप, शाळेची मराठी, आणि पोर मात्र दिंडोरीची बोलत होती. कुसाबाईने आधी सार्थकला उचलून अंजलीच्या हातात दिलं. मग ती वळली आणि कितीतरी महिने कोंडून ठेवलेली तिची जीभ सुटली.

"ए भवाने! लहान्या भावाला ढकलती? हात मोडून ठिवीन! माझ्या लुगड्याची काय दशा केली बघ, माकडतोंडे!"

"त्याने माझी वाटी घेतली!" संजना तेवढ्याच जोराने ओरडली. पदर सोडला नाही, मागेही सरकली नाही. उलट पाय आपटला.

"मंग तोंडानं सांगायचं! ढकलायचं नाय!"

"सांगितलं होतं! तूच त्याला राजा म्हणालीस!"

तिला असं तोंडावर उलट उत्तर देणारी आजवर एक पूजाच होती. ती मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सावळीराम तर उपरणं तोंडावर धरून गदगदा हलत होता, रडतोय की हसतोय ते कुणाला कळेना. अंजलीला काय समजलं कोण जाणे, पण तिने साडी पुसायची सोडून स्वतःची रसाची वाटी संजनापुढे सरकवली.

हर्षलचा राग कधीच उतरला होता. खाली बसत, चाचरत तो म्हणाला, "मामी... मग राहू देता का तिला इथेच?"

"मला काय इचारता, जावईबापू? घर तिचं हाय. तिनं तर तुम्हालाच जायला सांगितलंय." कुसाबाईने पदराची आमरस लागलेली कड उलटून डोळे पुसले आणि नातीकडे वळली. "काय गं, भर उन्हात घालवायचं का यांना? का बसू द्यायचं?"

संजनाला उचक्या लागल्या होत्या. तिने बापाकडे बघितलं, अंजलीकडे बघितलं, अंजलीच्या मांडीवरून रसाचा हात तिच्याकडेच पुढे करणाऱ्या सार्थककडे बघितलं. बराच विचार केला.

"बसू दे," ती म्हणाली. "पण मांडीवर मी."

आणि ती बसली. दुसरीतली पोर, पाय जमिनीला टेकत होते, आजीला पुढचं ताटही दिसेना. कुसाबाईच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ऊन उतरून पाहुणे निघेपर्यंत तिने पोरीला खाली उतरवलं नाही.